श्रद्धेला संशयाचे वावडे का असावे?

धर्मविषयक चर्चेत कोणी अडचणीचा प्रश्न विचारला, की त्याला गप्प बसविण्यासाठी आपल्याकडे एक हुकमी अस्त्र आहे. संशयात्म्याचा नाश होतो, हे गीतेच्या चौथ्या अध्यायातील भगवंताचे सांगणे त्याच्या अंगावर फेकले जाते. सांगणारा बहुधा वयाने किंवा अधिकाराने मोठा असतो आणि विचारणारा लहान. त्यामुळे पुढे वाद होत नाही. प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहतो. घरोघरीच्या बैठकींत, सप्ताहांच्या मांडवांत आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या उपदेशपर संदेशांतही या वचनाचा उपयोग एवढ्या एकाच कामासाठी होताना दिसतो.

ज्या ग्रंथातून हे वचन उचलले जाते, तो मुळात एका माणसाच्या संशयातून जन्मला आहे, याचा मात्र सोयीस्कर विसर पडलेला असतो. अर्जुनाला ऐन रणांगणावर आपल्या कर्तव्याविषयी शंका आली नसती, तर गीता सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. शिवाय चौथ्या अध्यायातील तो इशारा ऐकून अर्जुन मुकाट्याने बसलेला नाही. पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात तो श्रीकृष्णाला जवळजवळ उलटतपासणीच्या सुरात विचारतो, की तुम्ही कर्मसंन्यासाचीही स्तुती करता आणि कर्मयोगाचीही. यांतले खरे हिताचे कोणते, ते एकदा निश्चित सांगा. सहाव्या अध्यायात तर, योगमार्गावरून मध्येच ढळलेल्या माणसाची गती काय होते असे विचारून, हा माझा संशय निःशेष तोडणारा तुमच्यावाचून दुसरा कोणी नाही, असे तो स्वच्छ सांगतो. भगवंत त्यावर रागावले नाहीत. त्यांनी उत्तर दिले. अखेर अठराव्या अध्यायात, मी सांगितले त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे स्वातंत्र्यही त्यांनी दिले. संशय फिटल्याची कबुली अर्जुनाने दिली ती त्यानंतर.

मग चौथ्या अध्यायातील त्या इशाऱ्याचा अर्थ काय? तेथे संशयी माणसाचा उल्लेख एकट्याने आलेला नाही. ज्ञान नसलेला, श्रद्धा नसलेला आणि संशयाने ग्रासलेला असे वर्णन एकत्र आहे. ज्याला शोधायचे नाही, शिकायचे नाही आणि नुसतेच शंकेत लोळत पडायचे आहे, अशा माणसाविषयी ते बोलणे आहे. त्याच्या लगेच पुढच्या श्लोकांत संशयावरचा उपायही सांगितला आहे, आणि तो उपाय मौन हा नाही, आज्ञापालन हा नाही. ज्ञानाच्या तलवारीने संशय छेदावा, असे तेथे म्हटले आहे.

आपल्या शास्त्रकारांनाही संशयाचे भय वाटत नव्हते. न्यायदर्शनाने जे सोळा पदार्थ मानले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे. मीमांसकांची विचारपद्धती तर अधिक बोलकी आहे. त्यांच्या प्रत्येक अधिकरणात विषय मांडला की दुसरी पायरी संशयाची येते. संशय उभा राहिल्याशिवाय पूर्वपक्ष नाही आणि पूर्वपक्षाशिवाय सिद्धान्त नाही. वेद हे अपौरुषेय आणि स्वतःप्रमाण मानणारे हे लोक होते. त्यांच्याइतके कर्मठ कोण असणार? तरीही वेदवाक्याचा अर्थ लावताना त्यांनी संशयाला मानाचे आसन दिले. तेव्हा श्रद्धा आणि संशय यांना एका घरात राहता येत नाही, ही समजूत परंपरेने आपल्याला दिलेली नाही. ती आपल्या आळसातून आणि भीतीतून आलेली आहे.

दुष्काळात विचारलेला प्रश्न

शास्त्रातला संशय बुद्धीचा असतो. जगण्यातला संशय पोटातून आणि काळजातून येतो, आणि तोच अधिक दाहक असतो. सतराव्या शतकात, १६३०च्या सुमारास महाराष्ट्रात जो भीषण दुष्काळ पडला, त्यात देहूच्या एका वाण्याचे दिवाळे वाजले आणि त्याची पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली. तुकोबांनी स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगणारा जो अभंग लिहिला, त्यात हे दुःख आणि त्यापोटी वाटलेली लाज त्यांनी लपविलेली नाही. अशा माणसाने देवाचे नाव टाकले असते, तर त्याला कोण दोष देणार होते?

तुकोबांनी दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही एकत्र पाहिल्या पाहिजेत. पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त करावे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी ते केले. परंतु देऊळ बांधणाऱ्या या भक्ताने देवाला प्रश्न विचारणे सोडले नाही. तुकोबांच्या गाथेत विठ्ठलाला आळविणारे अभंग आहेत, तसे त्याच्याशी कडाडून भांडणारेही आहेत. तू आहेस तरी का, असलास तर बोलत का नाहीस, तुझी कीर्ती खोटी तर नाही ना, असे विचारताना ते थांबत नाहीत. आपल्यापुरता देव मेला, असे म्हणण्यापर्यंत एका अभंगात त्यांची मजल गेली आहे. हा अभंग वारकऱ्यांनी गाथेतून काढून टाकलेला नाही, ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. ज्यांनी तुकोबांना संतपरंपरेचा कळस मानले, त्यांना या शब्दांत पाखंड दिसले नाही. ज्याच्यावर आपला जीव जडला आहे, त्याच्याशीच माणूस असे भांडतो, हे त्यांनी ओळखले होते. परक्याशी कोणी एवढे भांडत नाही.

जेलमच्या काठची वाळू

तुकोबांनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी आणखी एका दुष्काळाने हाच प्रश्न दुसऱ्या एका मराठी घरापुढे उभा केला. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वैदिक पंडित. स्त्रीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला होता. पत्नी लक्ष्मीबाई आणि मुले यांना घेऊन ते तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली त्यांची धाकटी मुलगी रमा ही आईच्या तोंडून ऐकून ऐकूनच संस्कृत शिकली. धर्मग्रंथांनी सांगितलेले दान, उपास, अनुष्ठाने, तीर्थस्नाने यांत या कुटुंबाने काही कमी ठेवले नव्हते. असे असूनही १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. मागे उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही दोघे हजारो मैल पायी चालली. जेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा वाळूत खड्डे खणून आणि अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली, ही आठवण रमाबाईंनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे.

सांगितलेले सर्व केले, मग देव का पावला नाही? हा रमाबाईंचा पहिला संशय होता. दुसरा संशय ग्रंथ वाचून आला. १८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी, वेद का वाचीत नाही, असे विचारून वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवली. स्त्रियांच्या धर्मावर व्याख्याने द्यावयाची म्हणून रमाबाई धर्मशास्त्रे वाचू लागल्या आणि त्यांच्या ध्यानात आले, की बाकी सर्व बाबतींत परस्परविरोधी बोलणाऱ्या या ग्रंथांची स्त्री ही हीन आणि मोक्षाला अपात्र आहे एवढ्या एका मुद्द्यावर एकवाक्यता आहे. हा शोध बाहेरच्या टीकाकाराचा नव्हता. ते ग्रंथ मूळ भाषेत वाचू शकणाऱ्या, त्यांच्यावर विश्वास ठेवून वाढलेल्या स्त्रीचा तो होता. म्हणूनच तो शास्त्री मंडळींना अधिक झोंबला.

मठाच्या भिंतीआड

यापुढची कथा सर्वांना ठाऊक असते ती एवढीच, की रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यावरून महाराष्ट्रात जे रण माजले, त्याच्या धुरळ्यात एक गोष्ट झाकली गेली. या संशयी स्त्रीचा संशय बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेला नाही. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना वाटते, की पुण्याच्या शास्त्र्यांपुढे नमते न घेणारी ही बाई वाँटेजच्या मठातही तशीच ताठ उभी होती.

त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी आणि त्याच्या जन्माच्या व पुनरुत्थानाच्या कथेविषयी त्या प्रश्नामागून प्रश्न विचारीत राहिल्या. अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार म्हणण्याचे त्यांनी नाकारले. जे आपण मानीत नाही ते तोंडाने कसे म्हणावयाचे, असा त्यांचा सरळ सवाल होता. हिंदुस्थानातील पुरोहितांच्या जोखडाखालून मी आताच कुठे मान सोडवून घेतली आहे, ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडाखाली घालण्याची माझी तयारी नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी आपल्या धर्ममातेला दिले. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, ती संस्कृतात का नसावीत, हाही त्यांचा एक प्रश्न होता. अंडे घातलेले पक्वान्नही त्या खाईनात. जेराल्डिनबाईंना या सर्वांत अहंकार दिसला. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते, यात शंका नाही; पण लेकराने प्रश्न विचारला की आईचा अधिकार धोक्यात येतो, असे मानणाऱ्या आईचे ते प्रेम होते.

याच पत्रव्यवहारात दुसरा एक सूर ऐकू येतो. रमाबाई ज्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात राहिल्या, त्याच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी ही गोष्ट निराळ्या तऱ्हेने पाहिली. केवळ इतिहासात घडले म्हणून ही स्त्री काही स्वीकारणार नाही, तिच्या विवेकाला ते पटले पाहिजे, आणि त्यासाठी तिला तत्त्वज्ञान म्हणून या धर्माचा अभ्यास करू दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. दोघीही ख्रिस्ती आणि दोघीही श्रद्धाळू; परंतु एकीला संशय हे बंड वाटले, तर दुसरीला तो अभ्यासाचा आरंभ वाटला. प्रत्येक धर्मात आणि प्रत्येक घरात या दोन प्रवृत्ती असतात. संशयी माणसाचे पुढे काय होते, हे पुष्कळदा त्याच्या वाट्याला यांपैकी कोण येते यावर अवलंबून असते.

रमाबाईंच्या संशयाचे पुढे काय झाले? तो घेऊनच त्या अमेरिकेस गेल्या, तो मनात असतानाच ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि विधवांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. सारे प्रश्न सुटल्यावर मग काम करू, असे म्हणत त्या बसल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांचेच सांगणे आहे. त्यानंतर त्यांची श्रद्धा स्थिर झाली. ती स्थिर झाल्यावर १८९३ साली शारदा सदनात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन रमाबाईंनी पाळले नाही, हा त्या वेळचा आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. संशयाच्या काळात इतरांच्या श्रद्धेविषयी जपून वागणारी माणसे निश्चयाच्या काळात कमी जपून वागतात, असा याचा अर्थ कोणी लावला तर त्याला उत्तर देणे सोपे नाही.

तथापि रमाबाईंची शोधक वृत्ती शेवटपर्यंत मावळली नाही. केडगावच्या मुक्ति मिशनात शेकडो दुष्काळग्रस्त मुलींचा संसार सांभाळीत असता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलाचे मूळावरून मराठी भाषांतर केले. दुसऱ्यांनी केलेले भाषांतर उपलब्ध होते. त्यावर विसंबून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि त्यांचे बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यात छापून पुरे झाले. कलकत्त्यात ज्या वृत्तीने त्यांनी धर्मशास्त्रे स्वतः उघडून वाचली, तीच वृत्ती येथे दिसते. तेव्हा ती संशयाच्या रूपात प्रकट झाली. आता तिने उपासनेचे रूप घेतले.

काळोखातील सेवा

संशय असा प्रत्येक वेळी फिटतोच असे मात्र नाही. मदर तेरेसांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरणोन्मुखांना उचलून आणणारी ही स्त्री जवळजवळ पन्नास वर्षे, मधला अल्पसा काळ सोडला तर, देवाच्या अस्तित्वाची जाणीव हरवून बसली होती. प्रार्थनेला उत्तर येत नव्हते, आत काळोख आहे, असे त्या आपल्या धर्मगुरूंना कळवीत होत्या. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. विशेष असे, की ती प्रसिद्ध केली ती त्यांना संतपद मिळावे म्हणून त्यांची बाजू मांडणाऱ्या धर्मगुरूंनीच, आणि त्यानंतर २०१६ साली चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. वाँटेजच्या मठातील प्रश्नांत जेथे अहंकार दिसला होता, तेथे सव्वाशे वर्षांनंतर दुसऱ्या एका ख्रिस्ती परंपरेला तपश्चर्या दिसली. मदर तेरेसांच्या कार्याविषयी मतभेद असू शकतात आणि आहेत; परंतु जाणीव हरपल्यावरही जी निष्ठा टिकते, तिला श्रद्धा म्हणावयाचे नाही तर कशाला?

आणि संशयातून श्रद्धेकडे परत न येणारी माणसेही असतात, हे मान्य केलेच पाहिजे. गोपाळ गणेश आगरकर हे त्यांतले अग्रणी. देवाविषयी आपल्याला निश्चित काही कळू शकत नाही, या निष्कर्षाशी ते प्रामाणिकपणे थांबले. संशयाला मोकळीक द्यावयाची, तर ही शक्यता धर्माला पत्करावी लागते. फक्त परत येणाऱ्यालाच जाण्याची मुभा असेल, तर तिला मुभा म्हणता येणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्याचे काय करावयाचे?

आगरकर जिवंत असताना पुण्यातील सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. तिरडीवर होता तो पुतळा. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्याच पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा गोळ्या घालून खून झाला. तो ज्या पुलावर झाला, त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे. प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम केलेल्या, धर्माच्या आत राहून धर्माची चिकित्सा करणाऱ्या या पुरुषाच्या नावाच्या पुलावर ही घटना घडावी, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे. दाभोलकरांनी देवाधर्माविरुद्ध युद्ध पुकारलेले नव्हते. श्रद्धेच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीविषयी ते प्रश्न विचारीत होते. सुमारे सव्वाशे वर्षांत आपण पुतळ्यापासून माणसापर्यंत आलो, असाच या दोन घटनांचा हिशेब मांडावा लागतो.

खून ही टोकाची गोष्ट झाली. तिचा निषेध करणे सोपे आहे. त्याअलीकडे जे रोज घडते, त्याकडे आपले लक्ष जात नाही. धर्मभावनांचा दुष्ट हेतूने अपमान करणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी १९२७ साली भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम आले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ या क्रमांकाने नांदते आहे. कायद्याचे शब्द हेतुपुरस्सर आणि दुष्टबुद्धीने केलेल्या अपमानाविषयी आहेत. पण भावना दुखावल्याची तक्रार करावयास निघालेला माणूस एवढा शब्दार्थ पाहत नाही. त्यामुळे अभ्यासक लिहिताना बिचकतो, कीर्तनकार दृष्टान्त गाळतो आणि शिक्षक वर्गात विषय बदलतो. घरात तर त्याहून सोपे असते. मुलगी विचारते, की मासिक पाळीत देवाला न शिवण्याचे कारण काय. आणि उत्तर येते, की असले प्रश्न विचारू नयेत. अनंतशास्त्र्यांनी मुलीला शिकविले, आणि त्या शिक्षणामुळेच ती पुढे असले प्रश्न विचारती झाली, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु आपल्या घरातली रमा आपल्याला नको असते.

याने धर्माचे रक्षण होते, असे ज्यांना वाटते त्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. ज्या मुलाचा प्रश्न दाबला गेला, ते श्रद्धाळू होत नाही. ते बहुधा उदासीन होते. पुढे ते सणावारी पूजा करील, रांगेत उभे राहील, वर्गणी देईल. परंतु ज्याच्याशी तुकोबा भांडले तो देव त्याला कधीच भेटणार नाही, कारण भांडण्याइतके ते त्याच्या जवळ जाणारच नाही. धर्माला खरा धोका आहे तो या उदासीनतेचा, आणि ती प्रश्नांना मज्जाव केल्याने वाढते.

संशयी माणसाची परीक्षा करावयाचीच असेल, तर ती अवश्य करावी. त्याला उत्तर हवे आहे की नुसती गंमत पाहावयाची आहे? शोध घेण्यासाठी तो काही कष्ट उपसावयास, काही गमावावयास तयार आहे काय? तुकोबांनी आणि रमाबाईंनी याची पुरेपूर किंमत मोजली. जो अशी किंमत मोजावयास तयार आहे, त्याला गीतेतले वचन ऐकवून घालवून देऊ नये. ज्या अर्जुनाने ते वचन प्रथम ऐकले, त्याला पुढचा प्रश्न विचारण्याची परवानगी होती. तेवढी तरी आपण आपल्या घरातल्या मुलांना द्यावी.